पाठीवरचं वासरू

९ नोव्हेंबर

आज मला एका पानाने हरवलं. पान घायपाताचं होतं, काटेरी आणि हातभर लांब, पण शेवटी पानच.

व्हिडिओतला दाढीवाला माणूस हे पान दगडावर ठेवतो, लाकडाने ठेचतो, आतले पांढरे दोरे विंचरून काढतो आणि मांडीवर वळून दोरी करतो. त्याला हसायलाही वेळ मिळतो. मी बांधावरून पान आणलं, ठेचलं आणि त्याचा रस दोन्ही हातांवर कोपरापर्यंत उडाला. पुढे जी खाज सुटली, ती अजून आहे. मी गोठ्याच्या भिंतीला हात घासत उभा होतो. शेजारी चांदी, म्हणजे आमची गाय, त्याच भिंतीला पाठ घासत होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तिच्या नजरेत मला जरा कीव दिसली.

तेवढ्यात सासरे आले. त्यांना मी मामा म्हणतो. गावात सगळे मालोजी म्हणतात.

"काय चाललंय जावय?"

"दोरी करतोय, मामा."

"खोपोलीत दुकान हाय दोरीचं," मामा म्हणाले. "निळी, पिवळी, पायजे ती भेटते. पानाला कशाला मारता?"

ही डायरी का लिहितोय तेही लिहून टाकतो. उन्हाळ्यात माझं नवी मुंबईतलं ऑफिस बंद पडलं. शेलूचा फ्लॅट भाड्याने देऊन आम्ही इथे, सुप्रियाच्या माहेरी, राहायला आलो. तिची नोकरी शिळफाट्याच्या एका पतपेढीत, त्यामुळे तिचं सोयीचं झालं. मी घरजावई झालो. मग मला एक कल्पना सुचली: शहरातली माणसं शनिवार-रविवारी रिकाम्या हाताने येतील, रानातल्या साली, वेली, काटक्या यांपासून स्वतःची झोळी, शिंकाळं, पाठीवर सामान बांधायची चौकट तयार करतील आणि त्यात सामान भरून चालतील. शिकवणार मी. मी आयुष्यभर पाठीवर लॅपटॉपखेरीज काही वाहिलेलं नाही, ही अडचण तेव्हा लक्षात आली नव्हती.

हे सगळं मी सुप्रियाला रोज संध्याकाळी सांगायचो. परवा ती म्हणाली, "ऋषी, हे सगळं तू लिहून ठेव ना. मी फार दमून येते रे."

१२ नोव्हेंबर

खाज गेली. आज चुंबळ केली. डोक्यावर हंडा ठेवायची कडी ती. गवत पिळून गोल करायची, एवढंच. सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "छान झालंय घरटं." मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

मामांना रोज सकाळी मी पेपर वाचून दाखवायचा, असा आता नियम झालाय. आधी वाटलं, आवड असेल. मग लक्षात आलं की ते माझी परीक्षा घेतात. मधेच म्हणतात, "परत वाचा ते." मी परत वाचतो. निधनवार्तासुद्धा. स्वतः वाचायला काय होतं? चष्मा तर खिशातच असतो. पण रिकामटेकड्या जावयाला काही तरी काम द्यायला हवं, असा त्यांचा हिशोब असावा. कधी सुईत दोरा ओवून मागतात, कधी औषधाच्या बाटलीवरची तारीख विचारतात. माणसाने नोकरी गमावली की तो घरातल्या सगळ्यांचा शिपाई होतो.

१६ नोव्हेंबर

भात कापून झालं, त्यामुळे गुरं मोकळी सोडलीत. चांदी गाभण आहे, तरी रोज वर पठारावर चरायला जाते आणि संध्याकाळी आपली आपण येते. आज मामा म्हणाले, "चला, गुरं बघून येऊ. तुमाला साली पायजेत त्या पण घ्या."

मी खूश झालो. वाटेला लागलो तर मामा म्हणतात, "तुमी म्होरं व्हा."

"मला वाट माहीत नाही, मामा."

"वाट जाते कुठं? म्होरं चला. काय दगड-बिगड, साप-बिप दिसला का सांगत जा."

म्हणजे साप चावायचा तर मला चावावा. सरळ हिशोब आहे. मुलगी तरुण आहे, दुसरं लग्न होईल. मी पुढे, मामा मागे काठी टेकत, आणि मी दर दोन मिनिटांनी "दगड", "मुळी", "इथे घसरतं" असं ओरडतोय. एकदा सांगायचं राहिलं तर मामांना ठेच लागली आणि ते मलाच रागावले.

वाटेत खालच्या आळीचे बुधाजी भेटले. त्यांनी हात वर केला, हसले. मामा मान ताठ ठेवून सरळ पुढे गेले. बुधाजी मला हळूच म्हणाले, "जावई हापिसातला भेटल्यापासनं मालोजी लय मोठा झालाय. वळख पण देत नाय." मला बरं वाटलं, हे इथे कबूल करतो. माझ्यामुळे कुणाला गर्व झाल्याची ही पहिलीच वेळ.

केवणीची झुडपं भरपूर सापडली. मुरुडशेंग लागते तीच केवण. तिच्या काठीची साल ओढली की लांबच लांब पट्टी निघते. मी भारा बांधून आणला. भारा नायलॉनच्या दोरीने बांधला. दोरी मामांनी पिशवीतून काढून दिली आणि तोंडातून एक शब्दही काढला नाही. ते जास्त लागलं.

२३ नोव्हेंबर

आज युनूसभाईंच्या कळंबच्या रिसॉर्टवर माझं पहिलं प्रात्यक्षिक झालं. युनूसभाई भला माणूस आहे. पोहायचा तलाव, दहाबारा खोल्या, मागे आमराई. ते म्हणाले होते, "ऋषीभाऊ, पाहुण्यांना नाश्त्यानंतर काय करावं कळत नाय. तुम्ही काय ते तासभर दाखवा."

मी आठवडाभर खपून केवणीच्या सालीची आणि उक्षीच्या वेलीची पाठचौकट केली होती. दिसायला देखणी. पाहुणे हिरवळीवर खुर्च्या टाकून बसले. मी साल, तिचे तंतू, पीळ यांवर बोललो. एका काकांनी विचारलं, "पण वजन पेलतं का?" इथे गप्प बसायला हवं होतं. मी स्वयंपाकघरातून बटाट्याचं पोतं मागवलं.

पोतं चौकटीवर बांधलं, पाठीवर घेतलं, उठलो. टाळ्या झाल्या. मी चालू लागलो. टाळ्यांमुळे असेल, मी तलावाला फेरी मारायची ठरवली. अर्ध्या फेरीत खांद्यावर काही तरी सैल झाल्यासारखं वाटलं. मग पाठीवर काहीच उरलं नाही. बटाटे फरशीवरून टणाटण उड्या मारत पाण्यात गेले. काही बुडाले. काही तरंगले, ते कुजके असतात, हे मला आज कळलं आणि युनूसभाईंनाही. पोरं कपड्यांसकट पाण्यात उतरली. सगळ्यांना वाटलं, कार्यक्रमच असा आहे.

"लोक खूश हायेत," युनूसभाई म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र पाण्याकडे होता. "पुढच्या खेपेला दगड घ्या. दगड खायचे नसतात."

घरी सुप्रिया आणि मामी हसून हसून बेजार झाल्या. मी चौकट तपासली. ओली साल आठवडाभरात वाळली, आकसली, आणि माझ्या गाठी तिच्यातून साबणासारख्या सुटल्या. सालीची गाठ ताजी असेपर्यंत खरी. व्हिडिओत हे सांगितलं असेल. मी बहुतेक तेव्हा व्हिडिओ पुढे पळवला.

मामा हसले नाहीत. "आमचा बा करत असंल असल्या दोऱ्या," एवढंच म्हणाले. "मी नाय केली कंदी. आमी नायलॉनवाले."

२९ नोव्हेंबर

या घरात मामांचा थाट बघण्यासारखा आहे. जेवायला बसले की मामी बोलत राहतात: "भाकरी डाव्या अंगाला हाय. आमटी म्होरं. ठेचा उजवीकडं, जरा लांब ठेवलाय." मोठ्या हॉटेलातला वेटरही इतकं सांगत नाही. चाळीस वर्षांच्या संसारानंतर बायको नवऱ्याला असं ताट वाचून दाखवते! सुप्रियाला म्हटलं, शीक काही. ती म्हणाली, "तुला समोरचं दिसत नाही का?" आणि झोपली.

मामांनी मोटरसायकल चालवणंही सोडलंय. कर्जतला जायचं तर मीच न्यायचं. "तुमी चालवा, मी मागं बसतो. मला वारं लागतं." मी चालवतो. मागून सूचना नाहीत, टीका नाही, काही नाही. एवढा विश्वास माझ्यावर कुणी टाकलेला नाही. अर्थात त्यांना पर्याय नसेल. घरात दुसरा ड्रायव्हर नाही.

५ डिसेंबर

चांदी घरी आली नाही. बाकीची गुरं आली. मामा अंगणात कान देऊन उभे होते, घंटेचा आवाज येतो का ते ऐकत. दिवस भरलेत तिचे. मागच्या आठवड्यात पलीकडच्या वाडीतल्या शेळ्या बिबट्याने नेल्या. कुणी जेवलं नाही नीट. मामी म्हणाल्या, "पहिल्यांदा याली तवा पण अशीच लपली होती." मामा म्हणाले, "तवा बिबट्या नव्हता."

७ डिसेंबर

कालचं लिहायला काल हात उचलत नव्हते. अजूनही खांदे माझे नाहीत असंच वाटतं. पण लिहितो.

सकाळी मी आणि मामा एका अंगाने, बुधाजी आणि गावातले दोघे दुसऱ्या अंगाने निघालो. दुपारपर्यंत काही नाही. उतरतीला लागलेल्या उन्हात मामा एकदम थांबले. "घंटा," म्हणाले. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पठाराच्या पार टोकाला, जिथे झऱ्याची ओल असते, तिथल्या केवणीच्या जाळीत चांदी उभी होती. तिच्या पायाशी वासरू. तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. ते उठायला बघायचं आणि पुढचा डावा पाय दुमडून परत बसायचं. पाय मोडलेला नव्हता, सुजलेला होता. पडलं असेल कुठे तरी.

सूर्य समोरच्या डोंगरावर टेकायला आला होता. वर फोनला रेंज नाही. चांदी वासराला सोडून येणार नाही आणि वासरू चालणार नाही. इथे ठेवलं तर सकाळी दोघांपैकी एकच सापडणार, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मी वासराला हातांवर उचललं. व्हिडिओत मेंढपाळ कोकरू उचलतात तसं. कोकरू आणि वासरू यात फरक असतो. ते ओलसर, गरम आणि भलतंच जड होतं, चारही पाय चार दिशांना. उतारावर दोन पावलं गेलो आणि दोघंही घसरलो. ते माझ्यावर पडलं म्हणून वाचलं. उतरताना कारवीला धरायला हात मोकळे हवेत, एवढं तिथेच कळलं.

"पिशवीतनं दोरी काढा," मामा म्हणाले. ते चांदीच्या गळ्याला धरून उभे होते. "पाठीला बांधू."

मी पिशवी उघडली. आत दोन ब्लाऊजपीस, अस्तराचं कापड आणि एक परकर. मामींची शिंप्याकडे जायची पिशवी.

"मामा, ही हिरवी पिशवी आहे."

"मग?"

"दोरी लाल पिशवीत असते. दोन्ही एकाच खुंटीला असतात. हिरवी आणि लाल तुम्हाला सारखीच दिसते की काय?" मी वैतागून म्हणालो.

मामांनी चांदीच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाले, "व्हय."

मी वर पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते, पण माझ्याकडे नाही. माझ्या कानाच्या जरा पलीकडे. तसेच बघतात ते नेहमी. मला वाटायचं, माझं बोलणं त्यांना तोंडाकडे बघून ऐकण्याच्या लायकीचं वाटत नाही.

"मधलं दिसत नाय," ते म्हणाले. "कडंकडंचं दिसतं. तुमच्याकडं बघितलं का तुमचं डोकं नाय. पाय दिसतात. पेपर बघितला का नुसता धूर. दोन वर्सं झाली. हळूहळू वाढलं."

"कुणाला सांगितलं नाही?"

"सांगून काय? सुपी सुट्ट्या काढून बसंल. हिला झोप नाय लागायची. मला वट्यावर बसवतील, आन् गुरं विकतील." मग जरा थांबून म्हणाले, "तुमी आलात ते बरं झालं. तुमी विचारत नाय काय. म्होरं चला म्हटलं का चालता. वाचा म्हटलं का वाचता."

उन्हाळ्यापासून मी या माणसाच्या डोळ्यांचं काम करत होतो आणि डायरीत लिहीत होतो की मला साप चावावा म्हणून ते मला पुढे घालतात. वरची पानं फाडावीशी वाटतायत. फाडत नाही. असू देत.

पण काल तिथे लाजायलाही सवड नव्हती. ऊन चाललं होतं. मामांच्या कमरेला कोयता असतो. मी केवणीच्या लांब, सरळ काठ्या तोडल्या. डोक्यात पहिल्यांदा आली ती चौकट. काठ्या जुळवायला घेतल्या, एक मोडली, दुसरी वाकली, आणि मला पोहण्याच्या तलावातले बटाटे आठवले. चौकट नको. शिंकाळं करायचं, असं ठरवलं. वासराच्या पोटाखालून रुंद पट्टा, खांद्यांत दोन फास, कपाळावरून एक आडवा. साल ताजी होती आणि गाठ फक्त घरापर्यंत टिकायला हवी होती. तेवढं मला येतं, असं मी स्वतःला सांगितलं.

साल दातांनी सोलली. तोंड कडू झालं. मामा खाली बसले, पट्ट्यांची टोकं त्यांनी दोन्ही मुठींत ताणून धरली आणि मी पीळ देत गेलो. एकदा सगळा पीळ उलगडून माझ्या तोंडावर आला.

"काय झालं?"

"काही नाही. परत करतो."

"येतंय ना तुमाला?"

"नाही," मी म्हणालो. "पण करतोय."

"मग करा," मामा म्हणाले. आणि मुठी आणखी घट्ट केल्या.

पोटाखालच्या पट्ट्यावर पळसाची पानं घातली, त्यावर मामींचे ब्लाऊजपीस. एक मोरपंखी, एक राणी रंगाचा. सूज आलेला पाय परकराच्या नाडीने पोटाशी हलकाच बांधला. हे व्हिडिओत नव्हतं. मामांनी वासरू माझ्या पाठीला लावलं, मी फासांत हात घातले, कपाळावर पट्टा घेतला आणि उठलो. उठलो म्हणजे पहिल्यांदा परत बसलो. दुसऱ्यांदा उठलो.

साल करकरली. सुटली नाही.

प्रश्न मामांचा होता. कातरवेळी त्यांना कडेकडेचंही धड दिसेना. काठी नुसती चाचपडत होती. मी म्हटलं, माझा शर्ट धरा. पण माझ्या आणि त्यांच्या मधे चांदी घुसली. तिला वासरू हवं होतं. तिने वासराला चाटायला सुरुवात केली. वासराचं डोकं माझ्या खांद्यावर, म्हणून मग मानेला, कानालाही. गाईची जीभ ही काय चीज आहे ते ज्याला चाटलंय त्यालाच माहीत. ती माझा कान सोडून हलेना. शेवटी मामांनी तिचं शेपूट धरलं.

"चला," म्हणाले. "गुरांच्या वाटंनं. लांब पडंल, पण कडा नाय."

असे आम्ही निघालो. पुढे मी, पाठीवर राणी रंगाच्या गादीवर वासरू, मागे माझा कान चाटणारी गाय आणि गाईच्या शेपटाला सासरे. मी ओरडतोय: "दगड! डावीकडे कारवी, धरा! आता पायरी, खोल आहे!" ते मागून "हाय, हाय" म्हणतायत. मधेच वासराने माझ्या पाठीवर जे करायचं ते केलं. गरम होतं. थंडीत बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

एका ठिकाणी शेपूट सुटलं. मागे धपकन आवाज आला. मला वळता येईना. वळलो असतो तर वासरासकट खाली गेलो असतो.

"मामा!"

काही नाही.

"मामा, बोला!"

"हाय रं बाबा," खालून आवाज आला. "गवतात बसलोय. ओरडू नगो, ऋषी. तू हालू नगो. मी येतो तुझ्या आवाजावर. काय तरी बोलत ऱ्हा."

मला बोलायला सांगितलं आणि मला काही सुचेना, हे आयुष्यात पहिल्यांदा झालं. मी सकाळचा पेपर म्हणायला लागलो. खोपोलीत पाणी एक दिवसाआड. रस्त्याचं काम रखडलं. अमुक तमुक यांचे वृद्धापकाळाने निधन. मामा रांगत आले आणि त्यांचा हात माझ्या पोटरीला लागला. माझ्या आधाराने उठून त्यांनी पुन्हा चांदीचं शेपूट शोधलं.

झाडीच्या खाली आलो तेव्हा बुधाजी बॅटऱ्या घेऊन वर येत होते. त्यांनी उजेड माझ्यापासून शेपटापर्यंत फिरवला. मग वासरू स्वतःच्या खांद्यावर घ्यायला पुढे झाले. मी दिलं नाही. का दिलं नाही, ते मला माहीत नाही. द्यायला हवं होतं.

शेवटच्या वळणाआधी मामा कानाशी आले. "हिला सांगू नगो," म्हणाले. "सुपीला पण नाय. वचन दे."

मी दिलं.

१० डिसेंबर

वासरू उभं राहतं. लंगडतं, पण दूध पिताना पाय विसरतं. नाव ठेवायचं मामींवर सोपवलंय.

ते सालीचं शिंकाळं मी गोठ्यात खुंटीला टांगलं होतं. युनूसभाईंना दाखवणार होतो. आज सकाळी गेलो तर खुंटी रिकामी आणि चांदी रवंथ करतेय. माझ्या आयुष्यातली एकुलती एक यशस्वी वस्तू मला चावून दाखवली तिने. युनूसभाई फोनवर म्हणाले, "ती गोष्ट खरी का? वासरू घेऊन या ना कळंबला. पाहुणे फोटो काढतील." मी म्हटलं, विचार करतो.

वचन पाळणं अवघड आहे. मामींपासून लपवायचं म्हणजे सतत सावध राहावं लागतं. मामांसमोर मी आता चहा सरकवतो, दार उघडं असलं की खाकरतो, आणि हे सगळं मामींच्या लक्षात येऊ नये म्हणून गाणंही गुणगुणतो. बिचाऱ्यांना काही संशय नाही. ब्लाऊजपीसबद्दल मात्र चौकशी झाली. "शिंप्याची पिशवी डोंगरावर कशी गेली?" मी म्हटलं, घाईत माझी चूक झाली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुमचीच ना?" म्हणाल्या. "हो." "बरं," म्हणाल्या, आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

मामांना पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंच, असं मी ठरवलंय. वचन सांगायचं नाही याचं होतं, न्यायचं नाही याचं नव्हतं. मामा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आज म्हणाले, "इंजेक्शन नसंल तर येतो."

३ जानेवारी

आज गेलो एकदाचे. घरी सांगितलं, पंपाचा पार्ट आणायला पनवेलला चाललोय. निघताना मामी गाडीपाशी आल्या. माझ्या हातात डबा दिला, आणि मामा ऐकणार नाहीत इतक्या हळू म्हणाल्या, "पंपवाल्या डाक्टरला म्हणावं, साखरंच्या गोळ्या घेत नायत हे. मी दिल्या का कुंडीत टाकतात. झाड वाळलं माझं."

मी हेल्मेटचा पट्टा लावत राहिलो. लागेचना.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"सुपीला काय नाय माहीत," त्या म्हणाल्या. "आन् यांना नका सांगू, मला माहीत हाय म्हून. त्यांना वाटतं त्यांनी लपवलंय. वाटू द्या."

मी मान डोलावली. म्हणजे आता मी दोघांनाही वचन दिलंय, एकमेकांविरुद्ध. पनवेलपर्यंत मी गाडी कशी चालवली, मला आठवत नाही. आणि मी, ज्याचे डोळे डोंगरावर एकदा उघडले होते, तो महिनाभर गाणी गुणगुणत होतो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलणं स्वच्छ. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध सूज आहे, साखरेमुळे. दोन वर्षं फार झाली. गेलेलं सगळं परत येणार नाही. पण उपचार घेतले तर उरलेलं टिकेल, थोडं सुधारेलही. उपचार म्हणजे इंजेक्शन. डोळ्यात. मामा उठून दाराकडे चालू लागले आणि कपाटावर आदळले. मग परत येऊन बसले. "कंदी घ्यायचं?" म्हणाले. पुढच्या बुधवारी.

गोळ्यांचं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. मामांनी मान माझ्याकडे वळवली, म्हणजे माझ्या कानाच्या पलीकडे. पण हे मला कुणी सांगितलं, ते विचारलं नाही.

डोळ्यांत थेंब घातल्यामुळे त्यांना येताना काळा चष्मा लावला होता. सिनेमातला म्हातारा गुंड दिसत होते. घरी पोचलो तेव्हा ऊन होतं अजून. मी गाडी अंगणात लावली. मामी ओट्याच्या पायरीवर उभ्या होत्या, पदराचं टोक मुठीत धरून. पंपाचा पार्ट आणायचा मी साफ विसरलो होतो. त्यांनीही विचारलं नाही. काळ्या चष्म्याबद्दलही नाही.

मामा गाडीवरून उतरले, माझ्या खांद्याला धरून उभे राहिले. "समोर कोन हाय? ही?"

"हो. मामी."

"काय करते?"

मी मामींकडे पाहिलं. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्या मला मानेने नको, नको म्हणत होत्या.

"हसतायत," मी म्हणालो.

मामांनी मान जरा तिरकी केली.

"हासताना आवाज होतो हिचा," ते म्हणाले. मग माझा खांदा सोडला आणि हात पुढे करून एकटेच पायरीकडे चालू लागले. मी "पायरी" म्हणून ओरडणार होतो. मामी दोन पायऱ्या खाली उतरल्या होत्या, म्हणून ओरडलो नाही.